हौशी नाखवे



‘हौशी’ हा शब्द आपण मोठ्या सैलपणानें वापरतों. ज्याला नाटकांत पगार नाहीं तो हौशी नट. ज्याच्या गाण्याला तिकीट नाहीं तो हौशी गवई. या शब्दांत थोडें कौतुक असतें आणि थोडी कींवहि असते. आज ज्या हौशी लोकांविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, त्यांची हौस मात्र अशी सैल नव्हती. यंत्र बसविलेल्या होड्या घेऊन हे लोक खाडींत, नदींत, सरोवरांत एकमेकांशीं शर्यती लावीत. त्यांत द्रव्यलाभ नव्हता. भिजणें होतें, नौका मोडून घेणें होतें, आणि प्रसंगीं मरणेंहि होतें.

या शर्यतींचा विषय निघाला कीं पहिला आक्षेप ठरलेला असतो. मी शाळेंत विज्ञान शिकवीत असें, तेव्हां मुलेंहि तो घेत. “गुरुजी, धांवतें तें यंत्र. मग शर्यत माणसांची कशी?” प्रश्न पोरकट नाहीं. धांवणाऱ्याचे पाय त्याचे स्वतःचे असतात, पोहणाऱ्याचे हात त्याचे स्वतःचे असतात. येथें बळ सारें तेलाचें आणि लोखंडाचें. ज्याची थैली मोठी त्याचें यंत्र मोठें, आणि ज्याचें यंत्र मोठें त्याचा जय, असेंच जर असेल तर तिला शर्यत न म्हणतां लिलांव म्हणावें हें बरें. म्हणून या आक्षेपाचीच आज जरा कसून तपासणी करूं.

मोटारनौकांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना रीतसर रूप आलें तें १९०३ सालीं. इंग्लंडांतील वृत्तपत्रांचे एक धनाढ्य मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनीं एक चषक ठेवला. अट अशी कीं, नौका आणि तिचें यंत्र हीं दोन्ही ज्या देशाच्या नांवानें उतरावयाचें त्याच देशांत तयार झालेलीं असावींत. पहिली शर्यत त्याच वर्षीं आयर्लंडमधील क्वीन्सटाऊन येथील बंदरांत झाली. जिंकलेल्या नौकेचें नांव ‘नेपियर’, आणि तिचा वेग ताशीं वीस मैलांहून किंचित् कमी. तिच्यावर डोरोथी लेव्हिट ही तरुणी होती. चषकावर नांव मात्र कोरलें गेलें तें मालकाचें, सेल्विन एज यांचें. मालक कोण आणि नाखवा कोण, हा भेद या खेळाच्या कपाळीं पहिल्याच दिवशीं असा लिहिला गेला.

त्या काळचीं यंत्रें आज आपल्या ओळखीचीं आहेत तशीं भरंवशाचीं नव्हतीं. रस्त्यावर मोटार बंद पडली तर खालीं उतरून ती ढकलतां येते. भर समुद्रांत उतरून ढकलणार कोण? शिवाय मोटारींत पाणी शिरत नाहीं. होडींत तें शिरावयास सदैव टपलेलें असतें. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवून आतां आपण १९०८ सालाकडे वळूं.

त्या वर्षींचे ऑलिंपिक सामने लंडनला भरले. ऑलिंपिक म्हणजे त्या काळीं निव्वळ हौशी खेळाडूंचें क्षेत्र. खेळून पैसा घेणाऱ्याला तेथें मज्जाव असे. त्या वर्षींच्या कार्यक्रमांत मोटारनौकांच्या शर्यतीहि घातल्या होत्या. जागा होती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टनची खाडी, आणि तारखा होत्या २८ व २९ ऑगस्ट. आठ सागरी मैलांचा फेरा पांच वेळां घालावयाचा, म्हणजे एकूण अंतर ४० सागरी मैल. आपल्या हिशेबानें सुमारें ७४ किलोमीटर. नौकांचे तीन गट केले होते. मात्र हवेनें कोणाचीच भीड ठेवली नाहीं. वारा उठला, खाडी खवळली, आणि शर्यतींचें सारें गणित बदलून गेलें.

पहिल्या, सर्वांना खुल्या असलेल्या गटाची शर्यत वादळामुळें अर्ध्यावरच सोडून द्यावी लागली. ती पुन्हां घेतली, तेव्हां ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांची ‘वुल्सली-सिडली’ ही बलाढ्य नौका चिखलाच्या उथळ पट्ट्यावर जाऊन रुतली, आणि फ्रान्सच्या नांवानें उतरलेली ‘कामीय’ एकटीच फेरे पुरे करून परत आली. दुसऱ्या गटांत ‘क्विकसिल्व्हर’ नांवाच्या नौकेंत गोरॅम नांवाचे गृहस्थ सपत्नीक बसले होते. त्या नौकेंत इतकें पाणी शिरलें कीं या दांपत्याला माघार घ्यावी लागली. तिसऱ्या गटांतील ‘सी डॉग’ या नौकेला तिच्या यंत्रानेंच दगा दिला. या दोन्ही गटांत अखेरपर्यंत टिकली ती एकच नौका. तिचें नांव ‘जायरिनस’.

‘जायरिनस’ हें पाण्याच्या पृष्ठावर गरगर फिरणाऱ्या एका काळ्या चकचकीत किड्याचें शास्त्रीय नांव आहे. तळ्यांत आणि संथ ओढ्यांत हे किडे पुष्कळांनीं पाहिले असतील. नौका नांवाप्रमाणेंच लहानशी होती. तिच्यांत तिघे जण होते. सुकाणूवर टॉमस थॉर्निक्रॉफ्ट, हा जहाजें बांधणाऱ्या प्रसिद्ध घराण्यांतला मुलगा. बरोबर बर्नार्ड रेडवुड आणि जॉन फील्ड-रिचर्ड्स हे दोघे मित्र. लाटा आंत येत होत्या, आणि एकानें नौका चालवावी व बाकीच्यांनीं यंत्र सांभाळावें आणि पाणी उपसावें, असा क्रम अडीच तास चालला होता. दोन्ही गटांत त्यांना प्रत्येकीं सुमारें २ तास २८ मिनिटें लागलीं. म्हणजे वेग ताशीं सुमारें ३० किलोमीटर. मुंबईची धिमी लोकलहि स्थानकांस्थानकांवर थांबत याहून लवकर पोंचते! तरी पण त्या तिघांना दोन-दोन सुवर्णपदकें मिळालीं, आणि माझ्या मतें तीं योग्य माणसांच्या गळ्यांत पडलीं.

तिन्ही शर्यतींत शेवटीं पोंचणारी नौका एकेकच. दुसरा क्रमांक कोणालाच नाहीं. पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें हा प्रकार फारसा रंजक झाला नसावा. पुढें ऑलिंपिकच्या पदकांसाठीं मोटारनौकांची शर्यत पुन्हां कधींच झाली नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्या खेळांत यश मुख्यतः यांत्रिक शक्तीवर अवलंबून आहे असे खेळ नकोत, असा नियमहि ऑलिंपिकच्या सनदेंत पुढें दीर्घकाळ होता. माझ्या वर्गांतल्या मुलांचा आक्षेप तो हाच.

परंतु त्या दोन दिवसांकडे पुन्हां पहा. थैली सर्वांत मोठी कोणाची? ड्यूकची. नौका रुतली कोणाची? ड्यूकचीच. यंत्राच्या बळावरच जर निकाल लागावयाचा, तर तो असा उलटा कां लागावा? उत्तर सोपें आहे. त्या दिवशींची खरी शर्यत नौकांची एकमेकांशीं नव्हतीच. ती प्रत्येक नौकेची पाण्याशीं होती. उथळ पट्टा कोठें आहे, लाट कोणत्या अंगानें घ्यावी, यंत्राचा आवाज बदलला म्हणजे वेग किती उतरवावा, आणि मुख्य म्हणजे आंत आलेलें पाणी कंटाळा न करतां बाहेर कसें टाकीत रहावें, हें ज्यांना साधलें ते घरीं आले.

कृष्णाकांठीं वाढल्यामुळें मला या गोष्टीची थोडी प्रत्यक्ष कल्पना आहे. पावसाळ्यांत नदी भरली म्हणजे सांगलीकडे वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती होतात. तरुणपणीं दोन-तीन वर्षें मींहि त्यांत वल्हें मारलें आहे. कांठावरचे लोक वल्हेकऱ्यांच्या दंडांकडे पाहून ओरडत असतात. पण होडीची वाट ठरते ती मागें सुकाणू धरून बसलेल्याच्या डोळ्यांत. नदीचा ओढ कोठें वांकतो, भोंवरा कोठें धरतो, हें त्याला ठाऊक असतें. आणि होडींत पाणी चढूं लागलें कीं पत्र्याचा डबा घेऊन तें उपसणारा माणूस दहा वल्ह्यांच्या मोलाचा होतो. त्याच्या नांवानें टाळ्या पडत नाहींत. तो नसला तर मात्र बाकी सर्वांना पोहत घरीं यावें लागतें.

आतां थोडें विज्ञान सांगतों. घाबरूं नका, फळ्यावर कांहीं लिहिणार नाहीं. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट दाट असतें. त्यांतून जाणाऱ्या होडीला तें पदोपदीं अडवितें. स्थूलमानानें असें समजा कीं वेग दुप्पट करावयाचा तर पाण्याचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरून उरण्यास शक्ति आठपट लागते. म्हणून पाण्यांत खोल बसलेल्या होडीला नुसतें मोठें यंत्र देत जाणें हा फारसा शहाणपणाचा उपाय नव्हे. यावर तोड निघाली ती मुलांच्या एका खेळांत आधींपासूनच होती. चपटी खापरी पाण्यावर तिरकी भिरकावली तर ती बुडत नाहीं. टप्पे घेत वरच्यावर जाते. नौकेचा तळ सपाट करून त्याला एक पायरी दिली, तर वेग वाढतांच नौकाहि पाणी कापावयाचें सोडून पाण्यावरून घसरूं लागते. तिचा थोडाच भाग पाण्याला टेकतो, आणि विरोध एकदम उतरतो.

पण प्रत्येक सोयीची एक किंमत असते. पाण्याला कमी टेकणारी नौका पाण्याच्या आधाराला तितकीच पारखी होते. पुढचें टोंक जरा अधिक उचललें कीं खालून वारा शिरतो आणि नौका पाठीवर उलथते. एखादें तरंगतें लांकूड आडवें आलें तर त्या वेगांत तें दगडी भिंतीसारखें लागतें. म्हणजे यंत्र मोठें झालें म्हणून माणसाचें काम कमी झालें नाहीं. तें अधिक नाजूक झालें.

याचा अनुभव पुढील पिढीनें घेतला. हार्म्सवर्थ चषक १९२० सालीं अमेरिकेच्या गार वुडनें जिंकून नेला, आणि पुढें तो परत आणावयाचा इंग्लंडनें ध्यास घेतला. यासाठीं बांधलेली ‘मिस इंग्लंड दुसरी’ ही नौका रोल्स-रॉईसच्या दोन विमानी यंत्रांवर चाले. तिचा नाखवा सर हेन्री सेग्रेव्ह. जमिनीवर मोटार हांकून त्यानें १९२९ सालीं ताशीं २३१ मैलांचा विक्रम केला होता. १३ जून १९३० रोजीं विंडरमियर सरोवरांत त्यानें दोन फेऱ्यांची सरासरी ताशीं ९८.७६ मैलांवर नेली. विक्रम झाला. त्यानंतर घेतलेल्या फेरींत नौका उलटली. एखाद्या तरंगत्या ओंडक्याला ती आदळली असावी. यंत्रांवर लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ हॅलिवेल बुडाला. दुसरा साथीदार विलकॉक्स वांचला. सेग्रेव्हला पाण्यांतून काढलें, पण तो कांहीं तासांतच गेला. मधें शुद्धीवर आला तेव्हां त्यानें आपल्या साथीदारांची विचारपूस केली, असें सांगतात. मला या कथेंतला हा भाग ९८.७६ या आंकड्याहून मोठा वाटतो. आंकडा पुढच्याच वर्षीं मोडला गेला. नौकेंत आपल्याबरोबर बसलेल्यांची काळजी ही मात्र नाखव्याची कायमची कसोटी आहे.

तीच नौका दुरुस्त करून के डॉन हा १९३१ सालीं चषकासाठीं अमेरिकेंत डेट्रॉइट नदीवर उतरला. कांठावर लाखों माणसें जमलीं होतीं. पहिली फेरी डॉननें जिंकली. दुसऱ्या फेरीच्या आरंभीं गार वुडनें आपली नौका इशाऱ्याच्या आधींच रेषेपार नेली. त्याच्यावर नजर ठेवून असलेला डॉनहि तसाच निसटला. दोघेहि बाद झाले. पुढें वळणावर डॉनची नौका उलटली. आणि वुडचा भाऊ जॉर्ज दुसऱ्या, कमी वेगाच्या नौकेंतून शांतपणें फेरे पुरे करून चषक घरांतच ठेवता झाला. हा गनिमी कावा होता कीं घाईंत झालेला प्रमाद, यावर पुष्कळ वाद झाला. मला त्यांतून एवढेंच दिसतें कीं, जगांतलीं सर्वांत जबरदस्त यंत्रें पायाखालीं असतांनाहि निकाल लागला तो माणसाच्या डोक्यांत: घड्याळाकडे पहावयाचें कीं शेजाऱ्याकडे, या एका क्षणाच्या निर्णयावर.

आतां वळूं ऑस्ट्रेलियाकडे, आणि अगदीं निराळ्या ऐपतीच्या माणसाकडे. सिडनीच्या केन वॉर्बीजवळ ड्यूकची थैली नव्हती, मागें कोठला मोठा कारखानाहि नव्हता. लष्करानें मोडीत काढलेलें जेट विमानाचें यंत्र त्यानें विकत घेतलें. नौकेचा आराखडा स्वतः काढला. आपल्या घराच्या परसांत, उघड्यावर, लांकूड आणि फायबरग्लास यांची ती नौका त्यानें स्वतःच्या हातांनीं बांधली. पाऊस आला कीं तिच्यावर ताडपत्री टाकावयाची. खर्चासाठीं स्वतः रंगविलेलीं तैलचित्रें तो बाजारांत विकी. नौकेचें नांव ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’. ८ ऑक्टोबर १९७८ रोजीं ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर त्यानें ताशीं ५११ किलोमीटरचा वेग गांठला. हा विक्रम मोडण्याच्या प्रयत्नांत पुढें १९८० सालीं ली टेलर आणि १९८९ सालीं क्रेग आर्फन्स या अमेरिकन नाखव्यांनीं प्राण गमावले. वॉर्बी स्वतः २०२३ सालीं वारला, तोंवर त्याचा विक्रम कोणालाहि मोडतां आला नव्हता.

‘जायरिनस’ आणि ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ यांच्यामध्यें सत्तर वर्षांचें आणि ताशीं ४८० किलोमीटरचें अंतर आहे. तरी या दोन नौकांतलीं माणसें मला एकाच घराण्यांतलीं वाटतात. थॉर्निक्रॉफ्ट श्रीमंताचा मुलगा होता आणि वॉर्बी तसा नव्हता. पण दोघांचेहि हात नौकेला लागलेले होते. हौशी कोण, हें पगारावरून किंवा ऐपतीवरून ठरवूं नये. नौका विकत घेतां येते, यंत्र विकत घेतां येतें, चालविणारा नोकरीस ठेवतां येतो. पाणी उपसण्याची तयारी मात्र विकत मिळत नाहीं. ती ज्याच्या अंगीं असेल तो हौशी. म्हणूनच अशा हौसेला वयाचीहि अडचण पडत नाहीं. याच थॉर्निक्रॉफ्टची १९५२ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, ब्रिटनच्या ऑलिंपिक शीडनौका संघांत राखीव गडी म्हणून निवड झाली होती! यंत्र नको असेल तर नको, शीड द्या. पण पाणी सुटणार नाहीं, असा तो मनुष्य.

हा खेळ आपल्या पाण्यापासूनहि आतां फार दूर राहिलेला नाहीं. मार्च २०१७ मध्यें मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर समुद्रांत मोटारनौकांच्या शर्यती झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्यें आंध्र प्रदेशांत विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रांत याच खेळाची फॉर्म्युला वन मालिकेंतील एक फेरी झाली. महाबळेश्वरीं उगम पावून वाई-सांगलीवरून जाणारी आपलीच ती कृष्णा. अशा शर्यती पाहून शहरांतल्या एखाद्या घरीं मुलगा किंवा मुलगी म्हणेल, “मलाहि हें शिकावयाचें आहे.” आईबाप साहजिकच दचकतील. विंडरमियरची हकीकत ऐकल्यावर तर अधिकच दचकतील. त्यांना माझें सांगणें असें कीं, भीति योग्य आहे, पण तिचा उपयोग नकार देण्यासाठीं न करतां नियम लावण्यासाठीं करावा. पोहणें पक्कें आल्याशिवाय होडींत पाऊल नाहीं. अंगावर तरंगतें जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण असल्याशिवाय यंत्र सुरू करावयाचें नाहीं. चालविणाऱ्याच्या अंगाला बांधलेली एक दोरी यंत्राच्या कळीला जोडलेली असते. माणूस बाहेर फेकला गेला कीं दोरी सुटते आणि यंत्र आपोआप थांबतें. ती दोरी बांधल्याशिवाय किनारा सोडावयाचा नाहीं. मागील पिढ्यांनीं जीव देऊन मिळविलेलें हें ज्ञान आहे. तें फुकट मिळतें म्हणून हलकें मानूं नये.

आणि नौकाच पाहिजे असें तरी कोठें आहे? मुलाला दुर्बीण करावयाची असेल, मुलीला जुनी सायकल उघडून पुन्हां जोडावयाची असेल. “याचा पुढें उपयोग काय? गुण किती वाढतील?” हे प्रश्न आपण फार लवकर विचारतों. त्याऐवजीं एकच प्रश्न विचारून पहावा: “आंत पाणी आलें तर तूं स्वतः उपसशील ना?” म्हणजे काम बिघडलें, हात काळे झाले, दोन रविवार वायां गेले, तरी तूं तें दुसऱ्याच्या गळ्यांत टाकून उठणार नाहींस ना? उत्तर ‘होय’ असेल तर ती हौस खरी. तिला घरांत जागा द्यावी, थोडा पैसा द्यावा, आणि पुरेसा वेळ द्यावा.

माझ्या वर्गांतल्या मुलांना मी जें उत्तर देत असें तेंच शेवटीं आपणांस देतों. यंत्र धांवतें हें खरें. पण कोठें धांवावें, केव्हां थांबावें आणि बरोबरच्या माणसांना सुखरूप घरीं कसें आणावें, हें यंत्राला ठाऊक नसतें. तें ठाऊक असणाऱ्या माणसांची ही शर्यत आहे, म्हणून ती शर्यत माणसांचीच.